घरकाम करणाऱ्या मावशींचा नवरा गेला. आता कुठे जायचं, आणि आधी कुठे?

सिंहगड रोडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे नऊ वर्षं काम करणाऱ्या मावशींचे मिस्टर दीड महिन्यापूर्वी आजाराने वारले. सेंट्रिंगच्या कामावर जायचे. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. मुलगा तेव्हापासून शाळेत जात नाही. मुलीला दिवाळीनंतर उजवून टाकू म्हणून गावाकडचे मामा मागे लागलेत. सोसायटीत वर्गणी काढून आम्ही पंचवीस हजार दिले. पण पुढे काय? या कुटुंबाकडे बघेल अशी कुठली संस्था आहे का? आमचे मिस्टर म्हणतात, मुलाला आपल्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवू, घरात दोन पैसे जातील."

ताई, पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करून मला तेवीस वर्षं झाली. संपूर्ण कुटुंबाकडे एका छताखाली बघणारी जागा मला अजून सापडलेली नाही. मदत आहे, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच आहे. पण पैसा तहसीलला, मुलांचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे आदेश काढणारी जिल्ह्याची समिती), रेशन तिसरीकडे, बांधकाम कामगार मंडळ चौथीकडे. आणि या सगळ्या खिडक्या उघड्या असतात नेमक्या मावशींच्या धुण्याभांड्यांच्या वेळेत. खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून बाई जात नाही. बाई जात नाही म्हणून फाइल हलत नाही. पंचवीस हजार दिलेत ते चांगलंच केलंत, पण तुमच्या हातातली मोठी मदत वेगळी आहे. पुढचे दोन-अडीच महिने आठवड्यातला एक दिवस पगारी सुट्टी द्या, आणि मावशींच्या बाकीच्या तीन घरांनाही तसं पटवा. एखाद्या दिवशी तुम्ही स्वतः बरोबर गेलात तर फारच उत्तम. सोबत शिकलेलं माणूस दिसलं की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो. बदलू नये, पण बदलतो.

आता कागद. सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिथूनच गेलेली असते. घरी झाला असेल आणि २१ दिवसांत नोंद झाली नसेल, तर दंड, परवानगी वगैरे लागेल. तरी ते आधी उरका, कारण पुढची प्रत्येक खिडकी हाच कागद मागते. दाखल्याच्या पाचसहा प्रती एकदमच घ्या आणि घरी आणण्याआधी तिथेच उभं राहून नाव वाचा. आमची निम्मी प्रकरणं नावातच अडकतात. आधारवर 'बाळासाहेब', रेशनकार्डावर 'बाळू', बँकेत इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि मुलाच्या शाळेत वडिलांच्या नावापुढे आजोबांऐवजी मामाचं नाव, कारण दाखल्याला मामा गेला होता. मृत्यूचा दाखला ज्या नावाने निघेल त्या नावाशी बाकीचं सगळं जुळवावं लागतं, म्हणून तो आधारप्रमाणेच काढायचा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: गेलेल्या माणसाचं सिमकार्ड. बहुतेक घरांत महिन्याभरात रिचार्ज संपतो आणि नंबर बंद पडतो. त्याच नंबरावर बँकेचा, आधारचा, बांधकाम मंडळाचा ओटीपी येत असतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, आली तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी मागत होते, आणि विधवा बायका अंगणवाडीत मृत्यूचा दाखला हातात धरून रांगेत उभ्या होत्या. तेव्हा तो नंबर वर्षभर तरी चालू ठेवा. आजच रिचार्ज करा.

मग नवऱ्याचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदींवर बोट फिरवत जा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने असो, वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये दिसले तर तो सुरक्षा विमा. तो फक्त अपघाताचा, त्यामुळे तुमच्या मावशींच्या कामाचा नाही. खातं उघडताना बँकेतल्या मुलाने दोन सह्या घेतलेल्या असतात आणि विमा काढलाय हे घरात कुणालाच माहीत नसतं. मी स्वतः हे पासबुक बघायला फार उशिरा शिकले. त्याआधीच्या किती घरांचे २ लाख माझ्या अडाणीपणामुळे गेले असतील ते मोजायचं मी टाळते. दाव्याचा फॉर्म बँकेतच मिळतो, पण लवकर जायला हवं.

तसंच गटाच्या कर्जाचं. मायक्रोफायनान्सचा हप्ता चालू आहे का, हे मावशींना हळूच विचारा, त्या आपण होऊन सांगणार नाहीत. बहुतेक कंपन्या कर्ज देतानाच नवरा-बायको दोघांच्या विम्याचे पैसे कापून घेतात. नवरा गेला तर उरलेलं कर्ज त्या विम्यातून फिटू शकतं. वसुलीला येणारा माणूस हे सांगत नाही, तो शुक्रवारी हप्ताच मागतो. मृत्यूचा दाखला शाखेत द्यायचा आणि दिल्याची पोच घ्यायची.

नवरा सेंट्रिंगला होता म्हणालात, म्हणून विचारते: त्यांच्याकडे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड होतं का? पत्र्याच्या पेटीत किंवा देव्हाऱ्यामागे शोधायला सांगा. त्या मंडळातून भांड्यांचा संच मिळतो, म्हणून वस्तीत बऱ्याच जणांनी नोंदणी केलेली असते आणि बायका त्याला 'भांड्याचं कार्ड' म्हणतात. नोंदणी चालू असताना कामगाराचा नैसर्गिक मृत्यू झाला तर वारसाला २ लाख, अंत्यविधीला १० हजार आणि पत्नीला पाच वर्षं दरसाल २४ हजार अशी तरतूद आहे. मुलांना शिष्यवृत्तीही आहे. अडचण एकच: नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, आणि भांडी मिळाली की पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. तारीख बघा. चालू असेल तर तुमच्या मावशींसाठी ही सगळ्यात मोठी रक्कम आहे, आणि ती मिळवून देतो म्हणून निम्मे मागणारा एजंटही हमखास भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे जायचं.

दरमहा येणाऱ्या पैशांत बालसंगोपन ही मी पहिली धरते. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गेलेल्या मुलासाठी १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये. दोन मुलांचे ४,५००. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात जातो. मग कोणीतरी घरी चौकशीला येतं, त्याचा अहवाल बालकल्याण समितीपुढे जातो, समिती आदेश काढते, मग पैसे. कागद: मृत्यूचा दाखला, तिघांची आधारकार्डं, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि एक फोटो. तो पासपोर्ट साइझचा नाही. आई आणि मुलं घराच्या दारात उभी आहेत असा मोठा फोटो. त्यावरून मी भांडणं पाहिली आहेत. एका आजींनी फोटोसाठी शेजारच्या स्लॅबच्या घरासमोर मुलांना उभं केलं होतं, चांगलं दिसावं म्हणून. चौकशीला आलेल्या बाईंना घर जुळेना. आपल्याच दारात, रोजच्या कपड्यांत काढा.

इथे एक भीती आधी काढून टाका. 'बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन या' असा निरोप आला की बायकांना वाटतं, मूल ठेवून घेणार. एकदा एक बाई मुलाला घेऊन आल्या तेव्हा दप्तरात दोन जोड कपडे, टॉवेल आणि पार्लेचा पुडा होता. तीन तास बाकावर बसून होत्या. आदेश हातात पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग याला घरी नेऊ ना?" मला आधीच सांगायला हवं होतं, मी गृहीत धरलं होतं. या प्रकरणात समितीपुढे मूल आणायचं ते मूल घरीच राहावं म्हणून, हे मावशींना दोनदा सांगा.

पैसे दरमहा पहिल्या तारखेला येतील असं मात्र समजू नका. सहा-आठ महिन्यांचे एकदम येतात, मधे काही नाही. म्हणून घरभाडं किंवा भिशी या पैशांवर बेतायची नाही, असं मी प्रत्येकीला सांगते. आदेशाची मुदत कधी संपते ती तारीख लिहून ठेवा. नूतनीकरण राहिलं की पैसे गुपचूप थांबतात, कळवत कोणी नाही. याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व म्हणून एका मुलाला महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्याला शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागतं. दोन्ही एकाच मुलाला मिळत नाहीत. महिला व बालविकास विभागाच्याच जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेलात की दोन्हींबद्दल विचारा आणि जे लवकर होईल ते घ्या. मोठ्या रकमेच्या आशेवर हातातलं सोडू नका.

संजय गांधी निराधार योजनेबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील, कारण तेवढं एकच नाव सगळ्यांना माहीत असतं. महिना १,५०० रुपये आहेत. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. चार घरं मिळून मावशींना साडेसात हजार मिळत असतील तर वर्षाचे ९० हजार झाले. म्हणजे जी बाई नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी कामावर आली ती सरकारच्या लेखी निराधार नाही. खोटा दाखला काढून देणारे आहेत, त्या वाटेला जाऊ नका. पुढे तोच दाखला दुसऱ्या फाइलमध्ये आडवा येतो. मावशींना लाडकी बहीणचे १,५०० चालू असतील तर तेच चालू ठेवा. तसेही निराधारचे आणि हे असे दोन्ही मिळत नाहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर कर्ता माणूस गेल्यावर मिळणारे एकरकमी २० हजार, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे, तेवढे तहसीलला विचारून घ्या. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी शंभर-पाचशेचा स्टँप पेपर आणायला लावला तर आणू नका, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं.

हिशेब करून बघा. बालसंगोपनचे ४,५००, लाडकी बहीणचे १,५००, आणि बांधकाम मंडळाचं जमलं तर वर्षाच्या २४ हजारांचे महिना २,०००. झाले ८,०००. मावशींच्या पगाराहून जास्त. हा आकडा मामांच्या कानावर जायला हवा, कारण मुलीच्या लग्नाचा विषय निम्मा इथेच आहे.

उरलेला निम्मा भीतीचा. मामा म्हणत असतील, "वयात आलेली पोर, घरात पुरुष माणूस नाही, बहीण दिवसभर कामावर. काही झालं तर?" आपण लगेच कायदा काढतो. कायदा आहेच: मुलीला १८, मुलाला २१, आणि बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. वऱ्हाडी, भटजी, मंगल कार्यालयवाला, कोणीच सुटत नाही. पण पहिल्या भेटीत हे बोललात तर मामा तुमच्याशी बोलणं बंद करतील आणि लग्न गावाला, पहाटे, दोन माणसांत होईल. माझ्याच हातून हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीत ऐन हळदीच्या दिवशी मी पोलीस घेऊन गेले. लग्न थांबलं, मला फार बरं वाटलं. तीन आठवड्यांनी खोलीला कुलूप. पोर गावी नेऊन लग्न लावलेलं होतं. मी थांबवायला गेले होते, नंतर रोज जायला हवं होतं ते गेले नाही.

म्हणून मामांना आधी विचारा: नेमकी कसली भीती वाटते? उत्तर बहुधा असं येतं: दुपारी बारा ते पाच ती एकटी असते. मग सोडवायचा प्रश्न तेवढाच आहे, बारा ते पाच. वस्तीतली अभ्यासिका, एखाद्या संस्थेचा किशोरी गट, शाळा सुटल्यावर तुमच्याच घरी अभ्यासाला बसणं. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था पुण्याच्या वस्त्यांत बरीच वर्षं मुलांचे वर्ग चालवतात. मावशींच्या गल्लीत कोण येतं ते अंगणवाडीच्या ताईंना विचारलं की कळेल. क्षेत्रीय कार्यालयात महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिका असतात, त्यांना वस्तीतला प्रत्येक गट तोंडपाठ असतो. मुलगी पात्र असेल तर समाजकल्याणचं मुलींचं वसतिगृह हाही एक मार्ग आहे, पण वडील नुकतेच गेलेत, तिला लगेच घरापासून तोडू नका. आणि दहावीचं गाजर खरोखरच गोड आहे: महापालिकेची मौलाना आझाद योजना दहावीला ८० टक्के मिळवणाऱ्या मुलांना १५ हजार देते, काही गटांना टक्क्यांची सवलत आहे. नववीतल्या मुलीला आत्तापासून तो आकडा सांगून ठेवा.

बोलून नाहीच ऐकलं आणि तारीख ठरतेय असं कळलं, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. फोन करणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. गावात लग्न असेल तर तिथला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यामुळे गावाचं नाव, तालुका आणि तारीख एवढं हातात ठेवा. लग्न थांबल्यावर समितीपुढे पालकांकडून हमीपत्र घेतलं जातं. त्यानंतरचे सहा महिने मुलगी शाळेत दिसते की नाही, हे बघणारं माणूस हवं. ते तुम्ही होऊ शकता.

मुलाकडे वळते. सहावीतलं मूल शाळेत जात नाही तेव्हा त्याला 'का जात नाहीस' विचारून काही कळत नाही. मी विचारते, वडील गेल्यावर पहिल्यांदा शाळेत गेलास त्या दिवशी काय झालं? एका मुलाने बऱ्याच वेळाने डोक्यावरून हात फिरवला. दहाव्याला मुंडण केलं होतं. वर्गात टोपी घालू देत नव्हते आणि मागच्या बाकावरून टपल्या पडत होत्या. एवढंच. बाईंना जाऊन सांगितलं, त्यांनी टोपीला परवानगी दिली, तो दुसऱ्या दिवशी आला. तुमच्या मावशींच्या मुलाचं कारण दुसरं असेल, पण असंच काही छोटं आणि लाजेचं असण्याची शक्यता मोठी. आता दीड महिना झाला म्हणजे केस आले असतील, सवय तुटली असेल. वर्गशिक्षकांना भेटा. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा त्याचं नाव काढून टाकू शकत नाही, तेव्हा तो बिनदिक्कत परत बसू शकतो. पहिला आठवडा अर्धा दिवस बसला तरी चालेल, हे शिक्षकांशी बोलून ठरवता येतं. रात्री दचकून उठतो, जेवत नाही, बोलतच नाही असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मावशींनी स्वतःसाठी केला तरी चालेल. त्या करणार नाहीत, तुम्ही लावून फोन हातात द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खोली कोणाच्या नावावर आहे? वस्तीत फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो आणि तेराव्यानंतर दीर येतो. "वहिनी, तुम्ही गावाला जाता का?" अशी गोड सुरुवात असते. ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे, आणि नवरा गेला म्हणून तो संपत नाही. असं काही सुरू झालं तर या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, नाहीतर पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा भरोसा सेल. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंबर १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. लाइट बिल, फोटोपास, रेशनकार्ड हे मूळ कागद मात्र मावशींच्याच पेटीत हवेत, दिराकडे 'सांभाळायला' नकोत.

राहिलं तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. मनात चांगलंच आहे, पण मुलाला दुकानात ठेवू नका. १४ च्या आतल्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, ते एक. दुसरं म्हणजे सहावीतल्या पोराच्या हातात रोज पन्नास रुपये पडायला लागले की शाळेत कोण जाईल? बालसंगोपनच्या फाइलला शाळेचा बोनाफाईड लागतो, तोही मग निघणार नाही. मिस्टरांना सांगा, दुकानाचा उपयोग आहे. वर सांगितलेल्या सगळ्या कागदांच्या पाच-पाच प्रती काढा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा, प्रत्येक ऑफिसची एक फाइल करा आणि वर मोठ्या अक्षरात नाव लिहा. दारात उभं राहून काढलेल्या फोटोची प्रिंटही तिथेच निघेल.